पाच म्हणजे बरं नव्हे

मेरीव्हिल, ३ मार्च

चि. वेस्लीस ओपलमावशीचे अनेक आशीर्वाद.

सूनबाई जोनीची कंबर कशी आहे? तुझ्या छोट्या लेकीचा, टेसचा दात पडला, की अजून जिभेनं हलवतेच आहे? तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं रडगाणं हल्ली कुठल्या पट्टीत? सगळ्यांचं सविस्तर कळव. तुझं मात्र मला जोनीकडून कळलं. स्टुडिओच्या दारात तासभर गाडीतच बसतोस, गिटारला हात लावला की बोटं थरथरतात, तीन रेकॉर्डिंगं हुकली.

अरे, तार उतरली तर लावून घेतोस ना? मग मन उतरलं तर लाज कसली? तुमच्या नॅशव्हिलमध्ये वादकांच्या मनाची काळजी घेणारं केंद्र निघालंय म्हणे. मुकाट्यानं जा. आपल्या घराण्यात असलं काही नसतं, ही तुझ्या बापाची टेप मला ऐकवू नकोस.

माया आहेच, ती जपून ठेव.
ओपलमावशी

नॅशव्हिल, १२ मार्च

ती. ओपलमावशीस वेस्लीचा सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या धाकानं जाऊन आलो. केंद्र आमच्याच रेकॉर्ड कंपनीचं. दिवसाला तीन रेकॉर्डिंगं लावणारी तीच आणि ‘विश्रांती घ्या’ असं छापलेली पाण्याची बाटली वाटणारीही तीच. शिबिर सकाळी सातला, रात्री वाजवणाऱ्या माणसांसाठी! एक बाई तासभर पितळी वाट्या वाजवत होत्या. म्हणाल्या, सुरांत विरघळा. दोन वाट्यांत पाव सुराचा फरक. विरघळतोय कसला! मी आणि शेजारचा व्हायोलिनवाला दात आवळून बसलो.

शेवटी फॉर्म आला. मन कसं आहे, एक ते दहा. मी आपल्या वादकाच्या सवयीनं पाच लिहिलं. तिथली मुलगी म्हणाली, अगदी मधोमध, छान! कंपनीचं नाव छापलेली टोपी भेट देऊन घरी पाठवलं. तेव्हा काळजी नसावी.

तुझा, वेस्ली

मेरीव्हिल, १६ मार्च

चि. वेस्लीस अनेक आशीर्वाद.

तुझा पाच वाचला आणि हातातला पाव ग्रेव्हीत पडला. तुम्ही वादक कॉर्डला, एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीला, आकड्यानं हाक मारता हे त्या पोरीला काय ठाऊक! एक म्हणजे घर, गाणं येऊन विसावतं ते. पाच म्हणजे दारात एक पाय उचलून उभं राहणं. तिथं गाणं थांबवलं तर चर्चमधले बहिरे म्हातारेसुद्धा चुळबुळतात.

मी केंद्राला फोन लावला. मुलगी म्हणाली, पाचवाल्यांना काही करायचं नसतं, तीनच्या खाली आलं तरच डॉक्टर. मी म्हटलं, मग त्याचा एक होऊ दे. ती घाबरली, म्हणाली, आजी, एक म्हणजे फारच वाईट. मी म्हटलं, बाई गं, एकवर एकदाचा येऊ दे, तेवढंच तर मागतेय! अर्धा तास आम्ही दोघी दोन भाषांत भांडलो. शेवटी कंटाळून तिनं मंगळवारी दुपारी दोनला खऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ दिली. वाट्या नाहीत, हेही वदवून घेतलंय.

आता एक सांगते, ते जोनीलाही बोलू नकोस. तुझे अर्लकाका गेल्यावर अकरा महिने मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला तो नुसत्या बोटांनी. आत कुणी नव्हतंच. लोक म्हणायचे, ओपल किती शांत वाजवते! मी हसायचे. कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. ती चूक तू करू नकोस.

मंगळवारी परतलास की त्याच संध्याकाळी पत्र टाक. सगळं ठीक असं लिहू नकोस. हात थरथरला तर थरथरू दे. मला वाकडी अक्षरं वाचता येतात.

वाट बघणारी,
ओपलमावशी