नेमेसिसची चाल

१२ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी मजेत आहे. वहिनीचा गुडघा आता बरा असेल, तिला म्हणावं उगाच वरखाली करू नकोस. अण्णांचं खाणंपिणं नीट चाललंय हे तुझ्या पत्रातून कळलं.

फोन हाताशी असताना तू चार पानी पत्र लिहिलंस, तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. शेवटचं पान वाचलं आणि कळलं कुठे ते.

आधी कामाचं सांगते. बबडी म्हणाली ते खरं आहे. तुझी ही कॉलेजात जाणारी लेक जेवणखाण विसरून ज्या व्हिडिओ गेमचे तीन भाग खेळली, त्यातली नेमेसिस नावाची ग्रीक देवी मीच चालवते. चेहरा एका देखण्या पोरीचा, आवाज तिसऱ्याच बाईचा, चाल तेवढी माझी. अंगाला चिकटलेला काळा पोशाख घालायचा, त्यावर बटणाएवढे गोळे लावलेले, चारी भिंतींवर कॅमेरे. मी रिकाम्या खोलीत चालते आणि तिकडे संगणकात देवी चालते. दुसऱ्याचं वाटोळं करून निवांत बसलेल्यांना गाठायचं, हा तिचा उद्योग. दिसायच्या आधी ती ऐकू येते: एक पाऊल जड, एक घासत. बबडी म्हणे ओरडली, "बाबा, ही तर आत्या!" हे वाचून मी एकटीच खदाखदा हसले. ना चेहरा माझा, ना आवाज, तरी पोरीने ओळखलं!

पहिल्या भागाच्या वेळी तर गंमतच झाली होती. संगणकावरच्या माणसाला वाटलं, कॅमेऱ्यात बिघाड आहे. बिचाऱ्याने दोन दिवस खपून माझं लंगडणं पुसून काढलं. दिग्दर्शिकेने ते बघितलं आणि म्हणाली, "ही कोण बया? माझी देवी कुठाय?" सगळं जसंच्या तसं परत घालायला लावलं तिने.

आता चौथा भाग आणि नवा दिग्दर्शक. फार गोड बोलतो. त्याच्या कथेत शेवटी देवी गुडघे टेकते, नायक तिच्या पायावर हात ठेवतो, पाय बरा होतो आणि सगळ्यांना माफ करून ती सरळ चालत निघून जाते. सरळ चालायला नर्तकी आणणार. माझं काम गुडघे टेकण्यापुरतं.

मी म्हटलं, "नाही टेकणार."

"ताई, लोकांना शेवट गोड लागतो."

"मग दुसरी देवी बघा."

काल सकाळी पोशाखाची घडी घालून त्याच्या टेबलावर ठेवून आले. काम गेलं असंच धर. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, बारा वर्षं चालले मी तिथे.

आणि घरी येते तर दारात तुझं पत्र. "बबडी विचारेल, पाय कसा मोडला. जिन्यावरून पडले म्हणून सांग. अण्णांचं आता वय झालंय. ती रोज आजोबांना पेपर वाचून दाखवते, जीव आहे तिचा."

वा रे वा! अण्णांचं वय झालं आणि माझ्या पायाचं नाही झालं? एक्केचाळीस वर्षं झाली त्याला.

त्या दिवशीचे पाहुणे आठवतात तुला? मी अकरा वर्षांची, त्यांच्यापुढे सगळ्यांच्या चालण्याच्या नकला करत होते. आधी शेजारीण, मग पोस्टमन, मग अण्णा. हात मागे, पोट पुढे, मान ताठ. सगळ्यांत मोठ्याने तू हसलास. अण्णाही हसले. पाहुणे गेले, फाटक लागलं, मी वर झोपायच्या खोलीकडे निघाले. शेवटच्या पायरीवर अण्णांनी मला वळवलं आणि दोन्ही हातांनी ढकललं. तू खाली उभा होतास. हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

तू मला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळालास. तुझा शर्ट घामाने चिंब झाला होता, तो वास अजून आठवतो. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. तू दाराकडे बघितलंस. दारात अण्णा होते. तू म्हणालास, "खेळताना पडली." त्या पंधरा वर्षांच्या पोरावर माझा राग नाही रे. छप्पन्न वर्षांच्या माणसावर आहे. आता कोण उभं आहे दारात?

आज सकाळी बबडीचा फोन आला. "आत्या, पाय कसा गं मोडला तुझा?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार. ते तिथे होते. रविवारपर्यंत त्यांनी सांगितलं नाही, तर मी तिथे येऊन सांगेन."

तेव्हा तुझ्या हातात रविवारपर्यंतचा वेळ आहे. तिने अण्णांना पेपर वाचून दाखवावा की नाही, ते तिचं ती ठरवेल. फक्त खरं कळल्यावर ठरवू दे. आणि मी कुणाला कधी माफ करायचं, ते त्या गोडबोल्याने ठरवू नये आणि तूही नको.

वहिनीला नमस्कार. अण्णांना काही सांगू नकोस, माझं पाऊल त्यांना ओळखू येतं.

तुझीच,
जिन्यावरून कधीही न पडलेली,
धाकटी