न फुटणारा थेंब

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलंच, तर हाताशी असावी.

लॅबमध्ये काचेचा उभा पाइप आहे, त्यात खालून पंखा हवा सोडतो. वरून सिरिंजने थेंब सोडला की तो हवेवर तरंगतो. लहान थेंब गोल राहतो. मोठा आधी खालून चपटा होतो, मग छत्रीसारखा फुगतो आणि फुटतो. सगळं जग हे मानतं, मी मानत नाही. हवा एकदम अंगावर घातली तर कोणीही फुटेल. बेताबेताने वाढवा, वाटाण्याएवढा थेंबही टिकेल.

पर्मनंट पोस्ट एक, उमेदवार दोन: मी आणि दुर्बीण. दुर्बीण म्हणजे लॅबमधली सहकारी. एकच गोष्ट चारदा बघते, म्हणून हे नाव मी ठेवलं. निकाल तीस तारखेला. माझाच लागणार.

५ नोव्हेंबर
बायकोला बँकेत प्रमोशन. ब्रँच मॅनेजर, पण दुसऱ्या शहरात. म्हटलं, नकार कळव, माझी पोस्ट पक्की आहे. म्हणाली, आधी मिळू तर दे. घरात हा विश्वास. माझा सिद्धांत तिच्यावरही लागू करायचं ठरवलंय. दाब द्यायचा, पण हळूहळू.

९ नोव्हेंबर
सगळे थेंब फुटले. पाण्यात खोट आहे. दुर्बीण म्हणाली, पाणी दोघांचं एकाच नळाचं आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असंही पुटपुटली. लक्ष दिलं नाही.

१२ नोव्हेंबर
घरी सिद्धांत झकास चालतोय. परवा नुसते उसासे टाकले. काल सासूबाईंना फोन करून लेकीची काळजी व्यक्त केली. आज नकाराचं पत्र स्वतः टाइप करून तिच्या डब्याखाली ठेवलं. तिने पत्र बाजूला सरकवलं. डबा मात्र एकच भरला, तिचा.

१६ नोव्हेंबर, दुपार
जमलं. वाटाण्याएवढा थेंब पाइपच्या ऐन मधोमध. हवा वाढवत नेली. चपटा होत नाही, फुगत नाही, हलतसुद्धा नाही. व्हिडिओ घेतला. बेसिन लांब म्हणून सिरिंज पाइपपाशीच भरतो, त्यामुळे चौफेर पाणी उडालेलं, बाही ओली. मोठे शोध असल्याच पसाऱ्यात लागतात.

संध्याकाळ
लाइट गेली, पंखा बंद पडला. थेंब तरीही जागेवर. याला म्हणतात बाणेदारपणा. दुर्बिणीला दाखवला नाही, नजर लागायची.

१७ नोव्हेंबर
बायकोला व्हिडिओ दाखवला. दोनदा मागे नेऊन पाहिला. बघतच राहिली. मग म्हणाली, डायरेक्टरांना दाखवच, आणि चारचौघांत दाखव. नकाराचं पत्रही मुकाट्याने पर्समध्ये टाकलं. उशिरा का होईना, कदर झाली.

२९ नोव्हेंबर
थेंब आता रोज मिळतो, कधी कधी दोन-दोन. उद्या डेमो. शर्टाला इस्त्री मलाच करावी लागली. भाषण तयार आहे, नम्र, पण फार नाही. शेवटी दुर्बिणीसाठी सांत्वनाचे दोन शब्द.

३० नोव्हेंबर
सगळे जमले. थेंब जागेवर होता. पंखा फुल सोडला. डायरेक्टर वाकले, खिशातून रुमाल काढला आणि बाहेरून काच पुसली. थेंब गेला. रुमालाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि चहा सांगायला लावला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चालू प्रयोगात रुमाल घालणं नियमात बसतं का, ते बघावं लागेल. घरी आलो तर कुलूप. बाजारात गेली असेल.

३ डिसेंबर
बायकोचा फोन लागला. परवाच तिकडे हजर झाली. पत्र तिने दिलंच नव्हतं. थेंब काचेवर आहे हे तिला व्हिडिओत तेव्हाच दिसलं होतं, खाली ओघळही होता म्हणे. विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, चार वर्षं बोलतच होते, तू वाक्य पुरं करू दिलंस का? पुढे म्हणाली, या वेळी म्हटलं सगळ्यांनाच बघू दे. आवाज अगदी थंड. जराही चिडली नाही. मी म्हटलं, बघ, दाब हळूहळू वाढवला की माणूस फुटत नाही. फोन आधीच कट झाला होता.

दुर्बीण पर्मनंट झाली. माझं कॉन्ट्रॅक्ट तिच्या हाताखाली वाढवलंय. तिचा निरोप आला, उद्यापासून अर्धा तास लवकर येऊन सगळ्या काचा पुसायच्या. हो म्हणालो.