रोज वागता तसंच वागा

मोरा, कोळीवाडा

चि. निकेश यास मैनाताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही ठणठणीत आहोत. तुमच्या हीरोच्या अंगाचा वास गेला का? लिंबू चोळायला सांग, नुसत्या साबणाने जायचा नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. पिक्चरमधला बाजाराचा सीन तू लिहिलास, आम्हा कोळणींना तूच तिथे बसवलंस, आणि नेमका शूटिंगच्या दिवशी कसल्याशा परवानगीसाठी मुंबईला गेलास. तेव्हा खरं काय झालं ते बहिणीकडून ऐक.

तुझा डायरेक्टर म्हणाला, रोज बाजारात वागता तसंच वागा, कॅमेऱ्याकडे बघू नका. (बघायला फुरसत कुणाला? विमलबाईने घरची खरी कोळंबी मांडली होती, दोन गिऱ्हाइकंपण केली.) मग हीरो आला. हिरोईनच्या वाटेत बाईक आडवी घातली, शिटी मारली, ती "नको" म्हणाली तर मनगट धरलं. आणि आम्ही म्हणे पदरात तोंड लपवून हसायचं, नि शेवटी तिनेही लाजून हसायचं! अरे, आमच्या बाजारात पोरीचा हात कुणी धरला तर आम्ही हसतो का कधी? विमलबाईने मासे धुतलेल्या पाण्याची बादली उचलली नि त्याच्या डोक्यावर रिकामी केली. रोज वागतो तसंच वागलो. हिरोईन मात्र पोट धरून हसली, म्हणाली, मावशी, अजून एकदा करूया ना!

आता तुझ्याकडे वळते. गिऱ्हाईक पापलेटला नको म्हणालं तर आम्ही ते त्याच्या पिशवीत कोंबत नाही. तुझ्या पिक्चरमध्ये मनगट व्हिलनने धरलं की ढोल, हीरोने धरलं की बासरी. आणि ती हीरोची बहीण, जिच्यावर अत्याचार होतो, तिला तू एक वाक्य दिलं नाहीस रे मेल्या! ती किंचाळते नि मरते, मग तिच्या नावाने हीरो पाऊण तास हाणामारी करतो. सीन बदल. नोकरी गेली तर माझ्या शेजारी माशांची पाटी लाव, जागा आहे.

तुझी,
मैनाताई

ता.क. हीरोच्या केसांचा टोप कोळंबीत सापडला. धुऊन वाळत घातलाय. मांजर त्याच्यावरून हलत नाही. न्यायला ये.

ता.क. टोपाचं निमित्त रे. तुझी भाची अर्पिता त्या दिवशी शूटिंग बघायला आली होती. घरी येऊन रडली. कॉलेजच्या स्टॉपवर एक पोरगा रोज तिच्यापुढे बाईक आडवी घालतो. ती मला म्हणाली, "आई, मामाच्या सीनमध्ये मुलगी शेवटी हसते. मी हसत नाही म्हणून तो थांबत नाही का?" बादली तयार आहे, पोलीस ठाण्यातही मी तिला घेऊन जाते. पण या प्रश्नाचं उत्तर देणं तुझं काम. सीन तुझा आहे. ये, नि तिला तूच सांग.