घरात कमावणारं कोण

९ मे
मेल आला. निवड झाली. जर्मनी, एम.एस्सी., भूजल.
लॅबमध्ये बीकर धूत होते. ओल्या हातानेच मोबाईल उघडला, वाचला, परत वाचला. मग प्लांटच्या सांडपाण्याचे नमुने राहिले होते ते केले, आकडे चढवले, कोणाला काही बोलले नाही. बुटीबोरी ते कामठी सबंध प्रवासात एकच विचार की आईला सांगायचं कसं. वाटलं होतं, ती आधी हसेल आणि मग पैशाचं विचारेल. हसायचं राहून गेलं.
"फी किती हाय?"
फी नावापुरती, म्हटलं.
"मंग?"
मग हेच, की वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च आधीच तिथल्या खात्यात भरून दाखवायचा. त्याशिवाय व्हिसा नाही. रक्कम ऐकल्यावर ती कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला उठली. पाणी होतं.

१३ मे
सरकारची परदेश शिष्यवृत्ती बाद. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, सगळं तयार आहे. पण माझं विद्यापीठ त्यांच्या क्रमवारीत बसत नाही. नियम आहे, कोणाशी भांडायचं? ज्या मोठ्या नावांच्या विद्यापीठांना पैसे मिळतात तिथे भूजल हा विषयच मला हवा तसा नाही. आणि जिथे आहे तिथे...

१७ मे, शनि.
बँक. अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले, आईला घेऊन. कर्ज विभागाच्या मॅडम चांगल्या वागल्या, पाणी विचारलं.
"सह-अर्जदार कोण?"
आई.
"त्या काय करतात?"
फॅमिली पेन्शन. बाबा सिव्हिल लाईन्समध्ये सरकारी ऑफिसात क्लार्क होते, तीन वर्षं झाली जाऊन.
पेन्शनवर एवढं कर्ज बसत नाही म्हणाल्या. तारण? घर आजोबांच्या नावावर, काकांचे हिस्से न पाडलेले. माझा स्वतःचा पगार? तो कंत्राटी, आणि शिकायला गेले की तोही बंद. "घरात दुसरं कमावणारं कोण आहे? पगाराची स्लिप असलेलं?" मामा पारशिवनीला शेती करतो. शेताला स्लिप नसते.
सगळा वेळ आई मॅडमकडे नाही, टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होती. शेअर ऑटोत बसल्यावर म्हणाली, "पुसत मलेच होती, पाह्यत तुह्याकडं होती."
मी लक्ष दिलं नाही. माझं डोकं स्लिपवर अडकलेलं.

२५ मे, रवि.
वंदना झाल्यावर विहारात पेन्शनरांच्या समितीपुढे उभी राहिले. रिटायर झालेले मास्तर, नर्सबाई, रेल्वेवाले. दर महिन्याच्या पेन्शनमधून बाजूला काढतात आणि वर्षाला एका पोराचं किंवा पोरीचं काहीतरी करतात. कोणी अर्ज मागत नाही. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, काय शिकणार आणि कशासाठी. मी बोअरवेलच्या पाण्याचं सांगितलं. नर्सबाईंनी नीट प्रश्न विचारले, मास्तरांनी फक्त एकच : "तिकडची होऊन जाशीन का?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.
विमानाचं तिकीट त्यांचं. अट नेहमीचीच : जाईपर्यंत दर रविवारी सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवायचं. "पहिले वर्ग, मंग तिकीट." आजच बसवलं. पोरांनी पहिलाच प्रश्न विचारला की जमिनीखाली नदी असते का.
तिकीट आहे. ज्या खात्यात पैसे दाखवल्याशिवाय तिकिटाला अर्थ नाही, ते रिकामं आहे.

११ जून
धंतोलीतला एक ट्रस्ट. मुलाखतीला दोन गृहस्थ. एकाने विचारलं, मुलगी एकटी जाणार? दुसऱ्याने विचारलं, लग्नाचं काय? मी उत्तरं दिली, गोड दिली. तुमचा विचार करू, असं ते म्हणाले. ही भाषा मला आता कळते.
चिडचिड होते आहे. आईवरही ओरडले, पोहे खारट झाले म्हणून. झाले नव्हते.

३ जुलै
संध्याकाळी मेश्राम काका पेढे घेऊन. (बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. यापुढे मे.काका, एवढं लिहायला हात दुखतो.) अनुकंपाच्या यादीत माझा नंबर लागला.
बाबा गेल्यावर त्यांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी, त्यासाठी माझं नाव टाकलं होतं. सगळे तसंच करतात. घरात जो शिकलेला त्याचं नाव, म्हणजे क्लास थ्री लागतो, क्लार्क होतो. मी त्यासाठी टायपिंगसुद्धा करून ठेवलं, मराठी तीस. मग यादी हललीच नाही आणि मी विसरूनही गेले होते.
"शीतल बेटा, तुह्या बापाचीच खुर्ची," मे.काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. मलाही भरून आलं. खोटं नाही.
जर्मनीचं त्यांना सांगितल्यावर पेढ्याचा बॉक्स तसाच मांडीवर राहिला. "सरकारी नोकरी सोडाची बात करून राहिली का वं तू?"

६ जुलै
गल्लीत सगळ्यांना कळलं. समोरच्या लूमवाल्यांकडूनही अभिनंदन. जी गोष्ट अख्खं कामठी मागतं ती माझ्या दारात आली आहे आणि मी तोंड पाडून बसले आहे. मला लाज वाटते. आणि तरी जायचं आहे. दोन्ही खरं आहे.
हिशेब सोपा आहे. नोकरी घेतली तर शिक्षण संपलं. सोडली तर नोकरीही नाही आणि पैसेही नाहीत.

९ जुलै
आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्या यादीत माहं नाव टाकता येते का?"
म्हटलं, कशाला?
"पुसून राहिली. येते का?"
मे.काकांना फोन केला. येतं म्हणाले. आता एकाच्या जागी घरातल्या दुसऱ्याचं नाव घेतात. पण पंचेचाळीसच्या आत. आईला डिसेंबरात पंचेचाळीस पूर्ण होतात. आणि ती दहावी. म्हणजे क्लास फोर. शिपाई.
फोन ठेवून मी नाही म्हटलं. आई मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिली.

१३ जुलै, रवि.
भांडण. आजवर एवढं झालं नव्हतं.
मी म्हटलं, माझ्यासाठी तू बाबांच्याच ऑफिसात जाऊन लोकांना चहा देशील, ते मला चालणार नाही.
"घरी काय देऊन राहिली होती मी? शरबत?"
म्हटलं, लोक काय म्हणतील, क्लार्कची बायको...
"लोकाईचं राहू दे. तुह्या बापाले मातीत ठेवून आठ दिस नव्हते झाले, मेश्राम भाऊजी कागद घेऊन आले. कोणाचं नाव टाकाचं म्हणून सारे तुह्याकडं पाह्यत होते. मी तिथंच उभी होती. मले कोणं पुसलं? पारशिवनीच्या शाळेत दहावीले दुसरी आली होती मी. लगन केलं, सपलं."
मला हे माहीत होतं, दुसरी आल्याचं. कधीतरी सांगितलेलं. पण माहीत असणं वेगळं.
विहारात वर्गाला गेलेच नाही आज. मास्तरांचा फोन येऊन गेला.

१७ जुलै
मे.काका समजावायला आले. आईसमोर बसून, अगदी हात जोडून. "वहिनी, पोरगी क्लास थ्री लागन, तिथून बढत्या. तुम्ही क्लास फोर लागसान तं तिथंच रिटायर होसान."
"होईन न मंग, भाऊजी. कुठं लागून तं रिटायर होईन."
पण जाताना दारात मला म्हणाले, एकदा तू लिहून दिलं की परत तुला ते दार नाही. नीट विचार कर. त्यांचं चुकत नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती, म्हणून जास्त लागलं.
मी हिशेब परत मांडला. आईचा पगार म्हणजे स्लिप. स्लिप म्हणजे सह-अर्जदार. म्हणजे तिच्या चहाच्या ट्रेवर माझं कर्ज उभं राहणार.

४ ऑग.
लिहून दिलं. माझी हरकत नाही, नियुक्ती आईला द्यावी.
आईने तिच्या नावाच्या कागदावर सही केली. वनिता, आणि पुढे बाबांचं नाव. तिची सही शाळेतल्यासारखी गोल, प्रत्येक अक्षर सुटं. ऑफिसातल्या साहेबांनी बघून "छान अक्षर आहे" म्हटलं तर लाजली.
खुर्ची गेली.

२८ ऑग.
ऑर्डर निघालेली नाही. व्हिसाची मुदत हातातून जाते आहे. विद्यापीठाला लिहिलं की पैशाची सोय अजून झाली नाही, पुढच्या वर्षासाठी जागा राखता येईल का. वाक्य नम्र केलं, मग फार नम्र वाटलं म्हणून थोडं कमी केलं.

१० ऑक्टो.
आईची नियुक्ती. ऑर्डर तिने बाबांच्या फोटोसमोर वगैरे ठेवली नाही. पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि सकाळच्या ऑटोचं विचारायला चौकात गेली. निळ्या साड्या घ्याव्या लागतील. पिको-फॉल कोणाकडे स्वस्त, यावर शेजारणीशी अर्धा तास.
आज तिकडे माझा वर्ग सुरू होणार होता.

१ नोव्हें.
ती दमते. पाय सुजतात. पहिल्या दिवशी एका नव्या साहेबांनी "ए बाई" म्हटलं, तर हिने म्हणे सांगितलं, "वनिताताई म्हणा." हे मला मे.काकांकडून कळलं. त्यांना आता हिचं कौतुक आहे. फाईल कुठल्या कपाटात आहे ते हिला पाठ झालं, म्हणाले. घरी आल्यावर ती ऑफिसचं बोलत राहते, मी ऐकते. पूर्वी हे उलटं होतं.

१५ नोव्हें., शनि.
बँक. मॅडमनी फाईल घेतली. आणखी पगार जमा होऊ द्या, मग बघू म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

२३ नोव्हें., रवि.
विद्यापीठाचं उत्तर. जागा राखता येत नाही. नव्याने अर्ज करा, आधीची निवड विचारात घेऊ. म्हणजे मिळेलही, नाहीही.
आई साड्यांना इस्त्री करत होती. मी तिच्याजवळ बसून रडले. म्हटलं, खुर्चीही गेली, तिकडचंही गेलं, आणि तू माझ्यापायी दिवसभर पायऱ्या चढतेस, सगळं फुकट.
तिने इस्त्री उभी केली.
"फुकट काहून? माहा पगार फुकट हाय का?" मग म्हणाली, "पाह्य, तुहं झालं तं चांगलंच हाय, बँकेत मी सही कराले येतो. नाही झालं तं तू दुसरं काई पाह्य. मी आता घरी बसत नाही. तू गेली तरी, न गेली तरी."
वाईट वाटलं. हो, वाटलं. इतके महिने तिच्या त्यागाचं ओझं डोक्यावर घेऊन मिरवत होते आणि तिने ते सरळ उतरवून घेतलं, तुझं नाहीच म्हणून. थोड्या वेळाने बरंही वाटलं. मग नुसतीच बसून राहिले, काय वाटावं ते न कळून.
दुसरी साडी पसरत तिने विचारलं, "अन् तो नवीन अर्ज कवा भराचा असते?"
डिसेंबरपासून, म्हटलं.
"मंग बसून काहून राहिली?"