तातडीच्या ट्रेमधले त्र्याऐंशी दिवस

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. नमस्कार दोन्ही पायांना आहे, पण डाव्या पायाला जरा जास्त, कारण त्याच्यासमोर उभं राहायला मला तोंड उरलेलं नाही. इकडे सगळं ठीक आहे. तुझी तब्येत कशी आहे, संध्याकाळी पायाला अजून सूज येते का, वहिनीची कंबर काय म्हणते, हे सगळं मी समक्ष येऊनच विचारलं असतं. पण गेल्या तीन रविवारी वहिनीने अर्धं दार उघडून 'ते झोपलेत' असं सांगितलं आणि मी केळ्यांची पिशवी तिच्या हातात देऊन परत फिरलो. (झोपेत माणूस खोकतो हे मला मान्य आहे. पण पाहुण्याचा आवाज ऐकून झोपेतच रेडिओ बंद करतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.) म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो.

हे पत्र मी ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या कागदावर लिहितो आहे, यावरून माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस. आमच्या साहेबांनीच तशी मोकळीक दिली आहे. टपालात टाकण्याआधी ते एकदा डोळ्यांखालून घालणार आहेत, केवळ शुद्धलेखनासाठी. साहेब मोठ्या मनाचे आहेत आणि वाचनही फार बारकाईने करतात, हे पुढे येईलच.

तर मुद्दा तुझ्या भरपाईचा. तुमच्या खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठ्याचा रोल घरंगळला, तुझ्या पायावरून गेला, हाड तीन ठिकाणी मोडलं, डॉक्टरांनी तीन महिने पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं, हे तुला मी काय सांगणार. पण त्या दिवशी तू स्ट्रेचरवरून शेजाऱ्यांना म्हणाला होतास की पैशांची काळजी नाही, आपला धाकटा तिथेच बसलाय. ते ऐकून माझी छाती फुगली होती. विमा कंपनीच्या भरपाई विभागात अकरा वर्षं काढली, पण घरातल्या कुणाला माझा काही उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ. (कुणी जखमी व्हावं अशी इच्छा होती असं नाही. पण झालाच आहेस, तर आपण काहीतरी करून दाखवावं, असं नक्की वाटलं.) त्या करून दाखवण्यानेच सगळा घोटाळा केला.

आमच्याकडे दोन ट्रे आहेत. निळ्या ट्रेमध्ये साधी प्रकरणं. रोज चार वाजता टपालाच्या बाई येतात, निळा ट्रे न वाचता उचलतात, वरच्या मजल्यावर नेऊन ओततात आणि नवव्या-दहाव्या दिवशी चेक निघतो. बाईंनी आजवर एकही कागद वाचलेला नाही, त्यामुळे निळ्या ट्रेतलं काही अडल्याचं मला आठवत नाही. दुसरा ट्रे लाल, तातडीच्या प्रकरणांचा. ती प्रकरणं महत्त्वाची, म्हणून प्रत्येक कागद साहेब स्वतः वाचतात. आणि महत्त्वाचं काम घाईत करायचं नाही, हा त्यांचा नियम असल्यामुळे सवड मिळेल तेव्हाच वाचतात. लाल ट्रेमध्ये एका वॉचमनच्या खांद्याचं प्रकरण होतं. तो खांदा बरा होऊन, वॉचमन निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीसुद्धा सख्ख्या भावाची फाईल निळ्या ट्रेमध्ये, चारचौघांसारखी टाकायला माझा हात धजला नाही. मी तिच्यावर 'अतितातडीचे' अशी लाल चिठ्ठी डकवली आणि ती लाल ट्रेमध्ये, अगदी तळाशी सरकवली. तळाशी अशासाठी, की साहेब न्यायाने चालतात आणि जुनं आधी म्हणून खालून कागद काढतात. पण नेमके त्याच आठवड्यात ते एका प्रशिक्षणाला जाऊन आले आणि वरून काढायला लागले.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही, एवढं मात्र माझ्या बाजूने लिहून ठेव. दहाव्या दिवशी फाईल गुपचूप निळ्या ट्रेमध्ये टाकली. बाई काही वाचत नाहीत, पण लाल रंग त्यांना दिसतो. त्यांनी इमानदारीने ती परत लाल ट्रेच्या तळाशी ठेवली. मग भिंती रंगवायला माणसं आली. त्यांनी सगळं सामान हलवलं आणि पंधरा दिवस तो लाल ट्रे आमच्या जिन्याचं दार उघडं राहावं म्हणून दाराला लावून ठेवला. त्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की कारखान्याच्या फॉर्मवर उजवा पाय आहे आणि एक्स-रेवर डावा. आम्ही खुलासा मागवला. तीन आठवड्यांनी कारखान्याचं उत्तर आलं की दोन्ही पाय सदर कामगाराचेच आहेत. (ते उत्तर फाईलला लावून त्यावर 'समाधानकारक' असा शेरा मारला आहे. अक्षर माझंच आहे.)

मधल्या काळात तुला आमच्याकडून एक पत्र आलं, 'महोदय, आपले प्रकरण विचाराधीन आहे.' खाली सही माझी होती. ते छापील पत्र असतं, दादा. दर सोमवारी साठ-सत्तर पत्रांवर मी मान खाली घालून सह्या करतो, त्यात तुझं कधी गेलं ते मला कळलंही नाही. रविवारी वहिनीने ते माझ्यासमोर धरलं आणि यांना महोदय कधीपासून म्हणायला लागलात भाऊजी, असं विचारलं. मी हसलो. हसायला नको होतं. तुझा पाय तेव्हा उशीवर होता आणि घरात वाण्याची उधारी चालू होती. मी दर रविवारी येऊन या आठवड्यात निघेल, या आठवड्यात निघेल, असं सांगत होतो आणि तू मान डोलवत होतास. सातव्या आठवड्यात तू काठी घेऊन कामावर गेलास. डॉक्टर ओरडले, पण घरी काय शिजवायचं ते डॉक्टर सांगणार नव्हते. चेक निघाला तो त्र्याऐंशी दिवसांनी. तोवर हाड वाकडंच जुळून गेलं होतं. आता तुला मशिनवर उभं राहवत नाही, म्हणून गेटवर स्टूल टाकून बसवलंय, असं वहिनीकडूनच कळलं. याचं मला किती वाईट वाटतं ते लिहिता येत नाही, आणि हे वाक्य छापील नाही.

आता साहेबांनी सांगायला सांगितलेली गोष्ट. आमच्या नियमात असं आहे की चौदा दिवसांत पैसे गेले नाहीत, तर उशिराबद्दल रकमेच्या पाचव्या हिश्श्याइतका दंड कंपनीने भरायचा आणि तो थेट कामगाराला द्यायचा. मात्र पैसे हातात पडल्यापासून साठ दिवसांच्या आत कामगाराने तो मागायचा. साहेबांचं म्हणणं असं, की आमच्या विभागाला नऊ वर्षांत एकही दंड झालेला नाही (तसं प्रमाणपत्र त्यांच्या खुर्चीमागे फ्रेम करून लावलंय) आणि घरच्याच माणसाने त्या प्रमाणपत्राला धक्का लावावा हे बरं दिसत नाही. तेव्हा सोबत एक छापील पत्र जोडलं आहे, 'मला वेळेत व समाधानकारक सेवा मिळाली, माझी काही तक्रार नाही.' त्याच्यावर सही करून पाठव, अशी नम्र विनंती. वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. साहेबांनी पत्र वाचलं. 'घोटाळा' या शब्दाऐवजी 'गैरसोय' हवा होता म्हणाले, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि ट्रेंबद्दलचा मजकूर करमणूक म्हणून राहू दिला. एकंदरीत खूश आहेत. पाकीट त्यांच्यासमोरच चिकटवलं.

ता. क. पुन्हा. पाकीट फोडलंय. आता मी पोस्टाबाहेरच्या बाकावर बसलोय, अक्षर समजून घे. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त अपुरं आहे. ते छापील पत्र पाकिटातून काढून फाडून टाकलं. नऊ वर्षांत दंड झाला नाही तो उशीर झाला नाही म्हणून नव्हे. उशीर झाला की आम्ही प्रत्येकाला असं पत्र पाठवतो, आणि पैसे आल्याच्या आनंदात लोक सही करून देतात. अक्षर बरं म्हणून सोबतचं गोड पत्र माझ्याकडून लिहून घेतात.

शिवाय ती फाईल त्र्याऐंशी दिवस कुणाच्या नजरेला पडली नाही, हेही खरं नाही. एकतिसाव्या दिवशी साहेबांनी ती स्वतः उचलली होती. हा तुमच्या आडनावाचा कोण, असं विचारलं. त्या आठवड्यात हेडक्लार्कची निवड होणार होती आणि नातेवाइकाचं काम पुढे रेटतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मी म्हणालो, आडनावं जुळतात साहेब. त्यांनी फाईल परत ट्रेमध्ये टाकली. (तू माझा सख्खा भाऊ, हे मी त्यांना चेक निघाल्यावरच सांगितलं.) रविवारी मी मिठाई घेऊन तुझ्याकडे आलो. उशीवरचा पाय न हलवता तू हात पुढे करून एक तुकडा घेतलास आणि घराण्यातला पहिला हेडक्लार्क, म्हणालास. मी तुझ्या घरात बसून दुसरा तुकडाही खाल्ला, दादा. ते मला विसरता येत नाही.

दंडाचा अर्ज तू का करत नाहीस, ते वहिनीने परवा दारातच सांगितलं. धाकट्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, असं तू म्हणतोस म्हणे. मला तोंड दाखवायचं नाही आणि माझी नोकरीही जाऊ द्यायची नाही, हे तुलाच जमतं. पण नोकरी जात नाही रे. फार तर खुर्ची जाईल, आणि ती तशीही तुझ्या पायावर उभी आहे. सोबत खरा अर्ज पाठवतो आहे. मुदत येत्या शुक्रवारी संपते, आणि टपालाच्या बाईंनी तो स्वतः वर नेऊन द्यायचं कबूल केलंय. नाव, तारखा, दिवस, सगळं मीच भरलंय. तू फक्त सही कर.

ता. क. शेवटचं. सही करण्याआधी पाठीमागची बाजू बघ. 'विलंबास जबाबदार कर्मचारी' या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं आहे. त्याच्या शेजारी 'अर्जदाराशी नाते, असल्यास' असा एक रकाना आहे. तो मी कोरा सोडलाय. तो तूच भर.