कान जागेवरच आहेत

मी, पत्र्याच्या प्रेसवर उभा जन्म काढलेला कारागीर, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या भरीस न पडता हे लिहून ठेवत आहे. कान तेवढे ठिकाणावर नाहीत, त्याचाच हा सगळा प्रपंच.

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक लेकीस मिळावी.

२. बहिरेपणाच्या भरपाईचा कारखान्यावरील माझा दावा अपिलात आहे, तो माझ्यामागे लेकीने चालवावा. पूर्वी आमच्यात दावे बोटांचे, फार तर हाताचे असत. माझा सोबती साडेचार, अर्धं बोट प्रेसखाली गेल्यापासूनचं त्याचं हे नाव, त्याला भरपाई लगेच मिळाली. तुटलेलं बोट कुणालाही दिसतं. आता कानांचे, फुप्फुसांचे, पाठीचे दावे वाढलेत आणि साहेबांना ती सोंगं वाटतात.

पहिल्या सुनावणीत मी माझ्याच हुशारीने हरलो. प्रेसच्या धडधडाटात आम्ही एकमेकांचे ओठ वाचत असू. कारखान्याच्या वकिलाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी ओठ बघून चोख उत्तर दिलं. डॉक्टरचा दाखला बाजूला राहिला, आणि मला ऐकू येतं असा निकाल लागला. आपल्या हाताने पायावर धोंडा.

३. "हा कसला बहिरा? याला सगळ्यांच्या आधी कळतं," अशी साक्ष देणाऱ्या मुकादमास माझे कानात घालायचे कापसाचे बोळे द्यावेत. ते फक्त कारखान्याच्या सरकारी तपासणीच्या दिवशी वाटत, म्हणून कोरे करकरीत आहेत.

४. साडेचारला काही देत नाही. साक्षीदाराला देता येत नाही म्हणतात.

५. लेकीस आणखी. दर रविवारी तुझा फोन यायचा. फोनवर ओठ दिसत नाहीत, पोरी. तुझी आई ऐकून मला समोर बसून सांगायची. ती गेल्यावर मी नुसतं "बरं, बरं" म्हणून ठेवून द्यायचो. बाबांना आता माझी गरज उरली नाही, असं तू साडेचारला म्हणालीस आणि फोन बंद झाले. गरज होती. फार होती. पैसे मिळोत न मिळोत, मी बहिरा होतो एवढं कारखान्याकडून लिहून घे, आणि तूही ते वाच.

मृत्युपत्राच्या नमुन्यात शेवटी "वाचून दाखविले ते मी ऐकले" असा छापील मजकूर होता, तो खोडायला लावला आहे. कारखान्याचा वकील त्यावरच टपला असेल. साडेचारने खिडकीशी, तोंड उजेडात धरून वाचलं. मी ते पाहिलं, आणि मला मान्य आहे.

स्थळ : राहती खोली
रविवार, दुपार
सही : लिहून ठेवणार

साक्षीदार :
१. साडेचार (सही डाव्या हाताची)
२. खालच्या मजल्यावरचा शिंपी