नाल्याकाठचं वावर

आबा, नाल्याकाठचं वावर यंदा मी पडीत टाकलं, काहीच पेरलं नाही. हे सांगावं असं तुमच्याखेरीज कोणी नाही, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली.

तुम्ही दर तिसऱ्या साली ते रिकामं ठेवायचात. गाव हसायचं, मीही हसायचो. कॉलेजात दोन वर्षं काढून आलेलो, शिंगं फुटलेली. एकदा ओट्यावर तुम्ही दोर वळत बसला होतात, तेव्हा मी हटकलंच. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "मानूस बसस, बैल बसस. मंग वावरनी काय पाप करं?" मी तोंड वाकडं करून आत गेलो.

पुढच्या पडीच्या साली तुम्ही धुळ्याला दवाखान्यात होतात. मी ट्रॅक्टर सांगितला आणि तिथं कपाशी लावली. आली अशी की बघत राहावं. दिवाळीनंतर रानोरान फिरणारे ठेलारी मेंढपाळ आपल्या मेंढ्या घेऊन आले. पडीच्या साली मेंढ्या तिथंच बसायच्या, लेंडीखत पडायचं, आपण त्यांना बाजरी द्यायचो. म्हातारा ठेलारी बांधावर थांबून म्हणाला, "आबानी सांगेल व्हतं." मी नुसता कपाशीकडे हात केला. त्यानं मेंढ्या वळवल्या. तुम्ही घरी आलात ते आधी वावरातच गेलात. मी शिव्यांची वाट बघतोय आणि तुम्ही एक बोंड खुडून हातात दाबताय. "पिकनं ना? मंग बरं शे." पुढं त्या वावराबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर एकही साल मी ते सोडलं नाही. आता ढेकळं फुटता फुटत नाहीत, पाऊस वरच्यावर वाहून जातो. यंदाची पड बघून लोक म्हणतात, "पोऱ्या बापना वळनवर गया." मी मान डोलावतो.

खरं तर जमिनीची कीव आली म्हणून नाही सोडलं. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की उठवत नाही आता. मीच थकलो, आबा.

साक्रीच्या बाजारात एक माणूस ठेलाऱ्यांकडं जाणारा भेटला, त्याच्याकडं निरोप दिलाय. बाजरीचं पोतं काढून ठेवलंय. हा कागद बियाण्याच्या डब्यात जाईल, तुम्हाला कुठं पाठवणार. एक तेवढं सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात हे ठेलाऱ्यांना ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. निरोपात मी माझं नाव घेतलं नाही. आबांनी बोलावलंय, एवढंच सांगितलं.